लांडग्याची बाजू

डेलिश लोकांचा तांडा रानात नव्या जागी उतरला, की तळाबाहेर एक मूर्ती बसते. मूर्ती लांडग्याची. तिचं तोंड बाहेर, रानाकडे, पाठ तळाकडे. या लांडग्याचं नाव फेनहॅरेल. त्याला 'ड्रेड वुल्फ' असंही म्हणतात, म्हणजे नुसत्या नावानं धडकी भरावी असा लांडगा. तो देव आहे. पण त्याला तळात घ्यायचं नसतं. कुणाला शिव्याशाप द्यायचे असतील, तर 'लांडगा नेवो तुला' असं म्हणायचं असतं.

त्याची गोष्ट अशी सांगतात. फार पूर्वी देवांची दोन घराणी होती, एक भलं आणि एक वाईट. दोघांचं हाडवैर. फेनहॅरेल एकटाच असा, ज्याला दोन्हीकडे मोकळेपणानं ये-जा करता यायची. दोन्ही घराणी त्याला आपलाच समजायची. त्यानं दोघांनाही बोलण्यात गुंडाळलं आणि दोघांनाही कायमचं कोंडून टाकलं. मग जगाच्या एका कोपऱ्यात जाऊन स्वतःवरच खूश होऊन वेड्यासारखा खिदळत बसला. तेव्हापासून डेलिशांच्या प्रार्थना ऐकायला कुणी नाही. मोकळा फिरतो आहे तो फक्त लांडगा.

मराठी वाचकाला ही मूर्ती समजावून सांगायची फारशी गरज नाही. वेशीबाहेरचा शेंदूर फासलेला म्हसोबा आपण पाहिलेला असतो. कोकणात आणि गोव्यात वेताळ असतो, वारल्यांचा वाघदेव असतो. ज्याची भीती वाटते त्यालाच सीमेवर बसवायचं आणि त्याच्याशी नीट वागायचं, ही रीत आपल्या ओळखीची आहे.

फरक एवढाच, की डेलिश लोक कुठेही नाहीत. ते 'ड्रॅगन एज' नावाच्या व्हिडिओ गेममधले एल्फ आहेत. कॅनडातल्या एडमंटनच्या बायोवेअर कंपनीनं ते रचले. पहिला खेळ २००९ मध्ये आला, दुसरा २०११ मध्ये, तिसरा २०१४ मध्ये आणि चौथा थेट २०२४ मध्ये. या पंधरा वर्षांत डेलिशांच्या या दंतकथेचं जे केलं गेलं, त्याविरुद्ध हा लेख आहे. पुढे सगळ्या गोष्टी फोडणार आहे. खेळायचं बाकी असेल तर इथेच थांबा.

माझं म्हणणं थोडक्यात असं. या खेळांनी एका रानातल्या समाजाला लोककथा दिली. मग त्या कथेतल्या देवालाच प्रत्यक्ष आणून उभं केलं आणि त्याच्या तोंडून सांगितलं, की तुमची कथा चूक आहे. आणि आपण खेळणाऱ्यांनी देवाचं ऐकलं. ज्या माणसांनी त्या भीतीसोबत शतकं काढली त्यांना आपण भाबडं ठरवलं. वास्तविक ती भीती खरी होती. खेळातल्या घटनाच तसं सांगतात.

*

आधी डेलिशांचा इतिहास सांगायला हवा, कारण त्याशिवाय या अन्यायाची खोली कळत नाही.

एल्फांचं एक प्राचीन साम्राज्य होतं. ते पडलं आणि टेव्हिंटर नावाच्या माणसांच्या साम्राज्यानं एल्फांना गुलाम केलं. पुढे एका मोठ्या बंडात एल्फ माणसांच्या बाजूनं लढले. त्याबद्दल त्यांना 'डेल्स' हा प्रदेश मिळाला, स्वतःचा देश म्हणून. तोही टिकला नाही. माणसांच्या धर्मसंस्थेनं धर्मयुद्ध पुकारून तो हिसकावून घेतला. खेळाच्या काळाच्या सुमारे सातशे वर्षं आधीची ही गोष्ट. ज्यांनी मान तुकवली त्यांना शहरांमधल्या भिंतीआडच्या वस्त्यांत कोंबलं गेलं. त्या वस्त्या पाहताना युरोपातल्या ज्यूंच्या वस्त्या आठवल्याशिवाय राहत नाहीत. ज्यांनी मान तुकवली नाही, ते रानात गेले. तेच डेलिश.

या लोकांकडे ना ग्रंथालय आहे, ना देऊळ, ना गाव. त्यांच्याकडे पांढऱ्या हरणांनी ओढायच्या गाड्या आहेत आणि गोष्टी आहेत. प्रत्येक टोळीत गोष्टी सांगणारी वडीलधारी माणसं असतात, त्यांना 'हारेन' म्हणतात. दर दहा वर्षांनी सगळ्या टोळ्या एकत्र जमतात आणि कुणाला काय आठवतं, कुणाला नव्यानं काय सापडलं, ते एकमेकांना सांगतात. भाषा जवळजवळ गेलेली. जे उरलं आहे ते तुकड्यातुकड्यांनी. आणि हे सगळं त्यांना स्वतःला माहीत आहे. आपल्याला सगळं ठाऊक आहे असा डेलिशांचा दावा नाही. जे उरलं ते आम्ही सांभाळतो, एवढंच ते म्हणतात.

वयात आलं की डेलिश चेहऱ्यावर गोंदवून घेतात. त्याला 'वॅलास्लिन' म्हणतात, म्हणजे रक्ताची लिपी. एकेका देवाची एकेक नक्षी. गोंदताना तोंडातून आवाज काढायचा नाही. काढला तर काम थांबतं, अजून तुझी वेळ आलेली नाही म्हणून. दोनदा देश गमावलेल्या लोकांच्या चेहऱ्यावरची ही एक गोष्ट कुणाला हिसकावून घेता आलेली नव्हती.

ती तिसऱ्या खेळात हिसकावून घेतली जाते. आणि तीही प्रेमाच्या प्रसंगात.

*

तिसरा खेळ, 'इन्क्विझिशन', मी डेलिश मुलगी होऊन खेळले. त्यात सोलस नावाचा एक सोबती मिळतो. टक्कल, साधे कपडे, मृदू आवाज, स्वप्नांतून प्राचीन काळ पाहिल्याच्या गोष्टी. तो एल्फ आहे, पण त्याला डेलिशांबद्दल फारसा आदर नाही. मी त्यांना खरं सांगायला गेलो होतो, त्यांनी मला हुसकावून लावलं, असं तो सांगतो. मला तो आवडला होता. खेळ अशा बेतानंच लिहिला आहे, की तो आवडावा.

प्रेम रंगात आलेलं असताना तो तुम्हाला एका सुंदर, निवांत जागी नेतो आणि सांगतो, की तुझ्या चेहऱ्यावरची नक्षी म्हणजे गुलामांवरची खूण आहे. प्राचीन काळी एल्फ सरदार आपल्या गुलामांना देवांच्या नावानं असं डागायचे. तुझी इच्छा असेल तर मी ती पुसून टाकतो. तुम्ही हो म्हणू शकता, नाही म्हणू शकता. मी हो म्हणाले. चेहरा स्वच्छ झाला. त्यानंतर लगेच त्यानं नातंही तोडलं.

त्या रात्री मला त्याच्या जाण्याचंच वाईट वाटलं होतं. आपण काय पुसू दिलं हे कळायला बरीच वर्षं गेली.

त्याच खेळात एका जुन्या देवळाचा राखणदार भेटतो, अबेलास. प्राचीन काळापासून जिवंत राहिलेला. तो सांगतो, की माणसांनी आमचं साम्राज्य बुडवलं नाही, आम्ही आपापसांत लढून मेलो. टेव्हिंटरनं फक्त उरलंसुरलं लुटलं. आजचे डेलिश त्याला आपले वाटत नाहीत. वॅलास्लिन मिरवणाऱ्या सावल्या, एवढीच त्याच्या लेखी त्यांची किंमत.

मग २०१५ मध्ये 'ट्रेसपासर' हा पुरवणी भाग आला आणि त्याच्या शेवटी सोलसनं स्वतःची ओळख दिली. फेनहॅरेल तो मीच. तुमचे देव हे देव नव्हते, बलाढ्य जादूगार होते. आधी सेनापती, मग राजे, मग देव. लोकांना गुलाम करून राहत होते. मी त्यांच्याविरुद्ध बंड केलं, गुलाम सोडवले, त्यांच्या चेहऱ्यावरच्या खुणा पुसल्या. त्या राजांनी आपल्यातल्याच एका चांगल्या राणीला मारलं, तेव्हा मी त्यांना कोंडलं. त्यासाठी जग आणि स्वप्न यांच्यामध्ये एक पडदा उभा करावा लागला. त्या पडद्यानं एल्फांचं अमरत्व गेलं आणि साम्राज्य कोसळलं. आता मी तो पडदा फाडणार आहे. त्यात तुमचं आत्ताचं जग नष्ट होईल. मला वाईट वाटतं.

प्रसंग अप्रतिम लिहिलेला आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यानंतर खेळणाऱ्यांमध्ये एक मत इतकं रुजलं, की आता ते कुणाला मत वाटतच नाही: डेलिश किती चुकीचे होते! बिचारे मुक्तिदात्याला सैतान समजत बसले आणि मालकांची पूजा करत राहिले.

*

तर मग ती पहिली दंतकथा काढू आणि एकेक गोष्ट तपासून पाहू.

कथा म्हणते, देवांमध्ये मोकळेपणानं वावरणारा एकजण होता आणि त्याच्यावर त्यांचा विश्वास होता. खरं निघालं. कथा म्हणते, त्यानं फसवून देवांना कोंडलं. खरं निघालं. कथा म्हणते, त्यानंतर लोक उघडे पडले, त्यांच्यावर आभाळ कोसळलं. ते तर सोलस स्वतःच कबूल करतो. चुकलं काय? तो कोपऱ्यात बसून खिदळत होता, हे. प्रत्यक्षात तो थकून झोपी गेला होता आणि जागा झाल्यावर त्याला पश्चात्ताप झाला.

म्हणजे घटना बरोबर, परिणाम बरोबर. फक्त देवाच्या मनात काय होतं ते चुकलं. देवाच्या मनातलं कळायला डेलिशांकडे कोणता मार्ग होता? आणि ज्यांच्या डोक्यावर छप्पर कोसळलं त्यांनी, पाडणारा आत कुठेतरी रडत होता, हे लक्षात ठेवायचं होतं का?

आता कथेतला धडा तपासू. धडा असा: हा गोड बोलतो, आपला वाटतो, दोन्हीकडे चालतो, त्याला तळात घेऊ नका. 'इन्क्विझिशन'मध्ये आपण त्याला तळातच घेतो. त्या खेळाच्या सुरुवातीला एका शांतिसभेत प्रचंड स्फोट होतो, शेकडो माणसं मरतात, आकाश फाटतं. 'ट्रेसपासर'मध्ये कळतं, की तो स्फोट ज्या वस्तूनं झाला ती सोलसची होती. ती शत्रूच्या हाती पडावी अशी व्यवस्था त्यानंच केली होती. शत्रू ती उघडेल, त्यात मरेल आणि आपलं काम होईल, असा हिशेब होता. हिशेब चुकला. मेले दुसरेच.

चौथ्या खेळात, २०२४ च्या 'व्हेलगार्ड'मध्ये, तर दंतकथा शब्दशः घडते. या खेळाचं नावही आधी 'ड्रेडवुल्फ' ठेवलं होतं, प्रकाशनाच्या काही महिने आधी बदललं. त्यात सोलस खेळाच्या नायकाशी सल्लागारासारखा बोलत राहतो, मदत करतो, विश्वास कमावतो. त्याच्या हातून नायकाचा जुना मित्र मेलेला असतो, ते तो नायकाच्या डोक्यात जादू करून लपवून ठेवतो. आणि वेळ येताच नायकाला कैदेत ढकलून स्वतः बाहेर निसटतो. दोन्हीकडे चालणारा, दोन्हीकडे विश्वास कमावणारा आणि शेवटी कोंडून टाकणारा. २००९ च्या खेळातली एखादी डेलिश आजी शेजारी बसून हे बघत असती तर तिला आश्चर्य वाटलं नसतं. आश्चर्य आपल्याला वाटलं, कारण आपण तिची गोष्ट 'चूक' म्हणून खोडून ठेवली होती.

*

यावर एक उत्तर ठरलेलं आहे आणि ते वजनदार आहे. लांडग्याबद्दल डेलिश बरोबर होते असं मानलं, तरी इतर देवांचं काय? ते देव गुलामांचे मालक होते आणि डेलिश त्यांच्याच नावानं चेहरे गोंदवत होते. ज्यानं बंड केलं तो अपशकुनी आणि ज्यांनी पिळलं ते पूज्य. ही राजांनी पसरवलेली कथा नाही का?

आहे, काही अंशी नक्की आहे. लोककथेत सत्ताधाऱ्यांचं खोटं मुरलेलं असतं, हे कुणी नाकारू नये. पण डेलिशांच्या कथा नीट ऐकल्या तर तिथेही ती भीती सापडते. त्यांचा सर्वांत मोठा देव एल्गारनान. त्याला ते म्हणतात सूडाचा देव. त्याची गोष्ट अशी, की सूर्यानं मत्सरानं पृथ्वी जाळली, तेव्हा एल्गारनाननं रागाच्या भरात सूर्यालाच आकाशातून खाली ओढून पुरून टाकलं आणि सगळीकडे अंधार झाला. मिथाल देवीनं त्याला शांत केलं, तेव्हा कुठे सूर्य परत आला. आता 'व्हेलगार्ड'मध्ये हा एल्गारनान कैदेतून सुटून येतो तेव्हा काय करतो? चंद्र ओढून आणून सूर्याला ग्रहण लावतो. क्रूर, रागीट, कुणाचं न ऐकणारा. ज्यांनी आपल्या सर्वांत मोठ्या देवाचं नाव 'सूड' ठेवलं आणि त्याला आवरायला शेजारी एक देवी बसवली, ते त्याला साधाभोळा समजत होते का? त्यांनी त्याला पूज्य मानलं, तेही जरा अंतर राखूनच.

आणि वॅलास्लिन. समजा, ती गुलामीची खूणच होती. ती चेहऱ्यावर घेऊन लोक दोन देश गमावून, धर्मयुद्ध सोसून, तरीही गुडघे न टेकता शतकानुशतकं रानात राहिले. त्या काळात त्या खुणेचा अर्थ कुणी ठरवला? मालकांनी की चेहऱ्यांनी? 'दलित' या शब्दाचा अर्थ दळलेला, तुडवलेला. १९७२ मध्ये मुंबईत काही तरुणांनी तोच शब्द पँथरच्या आधी लावला आणि महाराष्ट्रात त्या शब्दाला धार आली. त्यांना कुणी बाहेरून येऊन 'अरे, याचा मूळ अर्थ वाईट आहे, आण, पुसून देतो' असं म्हणालं असतं तर?

गंमत म्हणजे सोलसला हे पक्कं माहीत आहे. 'ट्रेसपासर'मध्ये तो स्वतः सांगतो, की आधी मी सोलस होतो; फेनहॅरेल ही शत्रूंनी दिलेली शिवी होती, तीच मी अभिमानानं मिरवली. म्हणजे त्याला शिवीचा बिल्ला करता येतो. डेलिशांना मात्र खुणेचं गोंदण करता येत नाही, त्यांच्या बाबतीत मूळ अर्थ हाच शेवटचा अर्थ. या दुटप्पीपणाबद्दल त्याला जाब विचारावा असं खेळाला वाटत नाही.

*

दंतकथा उलटी वाचायलाच माझा विरोध आहे, असं कुणी समजू नये. मराठीत ते काम ज्या ताकदीनं झालं आहे, ते माहीत असताना तसं म्हणता येणारच नाही.

१८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिलं. पुराणातली दशावतारांची कथा त्यांनी उलटी केली. वामन हा देव नव्हे, आक्रमक. बळी हा दैत्य नव्हे, प्रजेचा न्यायी राजा. आणि ज्याला आपण वेशीबाहेरचा भीतीदायक म्हसोबा समजतो तो बळीच्या राज्यातला अधिकारी, महासुभा. देव म्हणजे राजे होते, त्यांनी लोकांना गुलाम केलं आणि लोकांना खोटी कथा दिली. सोलस जे सांगतो त्याचा सांगाडा जवळपास हाच आहे. मग फुल्यांना मानायचं आणि सोलसला नाही, असं का?

दोन कारणांनी. पहिलं, बोलतं कोण आहे. 'गुलामगिरी' हा संवाद आहे. धोंडीबा विचारतो, जोतीराव उत्तर देतात. ज्यांच्या मानेवर ते जोखड होतं त्यांच्यातलाच माणूस कथा उलटी करतो. 'ड्रॅगन एज'मध्ये डेलिशांची कथा दुरुस्त करायला येतात ते सोलस आणि अबेलास. एक त्या देवांच्या पंक्तीत वावरलेला, दुसरा देवळाचा राखणदार. ज्या रचनेनं लोकांना चिरडलं तिच्यातलेच हे दोघे. आणि त्यांचं म्हणणं खरं मानावं, कारण ते तिथे होते! मोडलेल्या सत्तेतला माणूस आपल्याच सत्तेचा इतिहास सांगतो आणि तो प्रत्यक्षदर्शी म्हणून शेवटचा शब्द ठरतो. तळातली बाई सांगते तेव्हा मात्र ती कल्पित कथा.

दुसरं कारण पुराव्याचं. फुल्यांचा इतिहास प्रत्येक तपशिलात टिकेल असं नाही, तो वाद वेगळा. पण त्यांनी पुरावा कुठे शोधला? गावच्या देवांत, रूढीत, बायकांच्या तोंडी. इडापिडा टळून बळीचं राज्य येवो, असं ओवाळताना म्हणणाऱ्या बाईच्या आठवणीत. पोथी काहीही सांगो, या बाईनं काहीतरी जपून ठेवलं आहे, हे गृहीत धरून ते पुढे गेले. पुढे दामोदर धर्मानंद कोसंबींनी म्हसोबाकडे पाहिलं तेव्हा त्यांना त्यात महिषासुर दिसला. निष्कर्ष निराळा, पण पद्धतीचा पाया तोच: शेंदराचा दगड काहीतरी सांगतो आहे, तो ऐकायचा. 'ड्रॅगन एज'मध्ये एकदाही कुणी डेलिशांच्या कथेकडे ती काहीतरी जाणते म्हणून जात नाही. ती फक्त खोटी ठरायला लिहिलेली आहे.

म्हणून मला या प्रश्नाचं महत्त्व खेळापुरतं वाटत नाही. आपण सगळेच रोज कुणाची ना कुणाची गोष्ट 'खरं तर' या दोन शब्दांनी खोडत असतो. खरं तर हा सण असा नव्हता. खरं तर हा देव अमुक होता. खरं तर तुमचे पूर्वज असे वागले. त्यातलं काही बरोबरही असतं. पण खोडणारा कोण, त्याला खोडून काय मिळणार आणि खोडल्यावर त्या माणसाच्या हातात काय उरणार, हे तीन प्रश्न विचारायची सवय आपल्याला लागलेली नाही. सोलसच्या बाबतीत उत्तरं सरळ होती. खोडणारा तोच, मिळणार त्याला, आणि उरणार काहीच नाही, कारण जगच राहणार नव्हतं.

*

एल्फांची आणखी एक गोष्ट आहे. ती खेळात नाही, २०१४ मध्ये आलेल्या पॅट्रिक वीक्स यांच्या 'द मास्क्ड एम्पायर' या कादंबरीत आहे. वीक्स हे सोलसचेही लेखक.

एका गावाला मोठ्या श्वापदाचा उपद्रव होता. गावकऱ्यांनी फेनहॅरेलला बोलावलं, त्याला मार म्हणाले. फेनहॅरेलनं पहाटे ते श्वापद पाहिलं. याच्याशी समोरासमोर लढलो तर मरेन, हे त्याला कळलं. मग त्यानं एक बाण सरळ आकाशात सोडला आणि निघाला. गावकरी म्हणाले, आमचं रक्षण कसं करणार? तो म्हणाला, रक्षणाचं मी कुठे बोललो होतो? त्या रात्री श्वापद गावात शिरलं. लढणारे मेले, बाया मेल्या, म्हातारे मेले. शेवटी ते पोरांपर्यंत आलं, त्यानं जबडा उघडला आणि नेमका तेव्हाच तो बाण वरून येऊन त्याच्या घशात घुसला. श्वापद मेलं. पोरं आईबापांसाठी रडली, आणि तरी त्यांनी फेनहॅरेलला नैवेद्य दाखवला, कारण मागितलं होतं ते त्यानं केलं होतं.

सत्तेबद्दल याहून नेमकी गोष्ट मी फारशी वाचलेली नाही. यात देवाला दुष्ट म्हटलेलं नाही. तो खोटं बोलत नाही, काम पुरं करतो, हुशार आहे. पण त्याच्या हिशेबात गाव नाही. त्याच्या बाणाला वेळ लागतो आणि त्या वेळेत मरतो तो आपण. सोलसचं सगळं चरित्र या एका गोष्टीत आलेलं आहे. राजांना मारता येईना, म्हणून त्यानं पडदा उभा केला. राजे कोंडले गेले. मधल्या मध्ये एक आख्खा समाज संपला. आणि आता उरलेल्या पोरांनी त्याचे आभार मानावेत.

कादंबरीत ही गोष्ट सांगतो तो फेलासान. त्याच्या नावाचा अर्थच 'संथ बाण'. तो फेनहॅरेलचा माणूस असतो, पण आजच्या एल्फांसोबत राहून त्यांची बाजू त्याला दिसू लागते आणि तो दिलेलं काम करायला नकार देतो. त्याबद्दल लांडगा स्वप्नात येऊन त्याला मारतो. गोष्ट जाणणाऱ्याचं असं होतं.

म्हणजे खेळ लिहिणाऱ्यांना सगळं कळत होतं. त्यांनीच ही गोष्ट रचली. सोलस चुकतो आहे हे त्यांनी अनेकदा दाखवलं. 'व्हेलगार्ड'च्या शेवटी त्याला पडद्याशी बांधूनही घेतलं. पण तिथेही त्याचं मन वळतं ते त्याच्या जुन्या राणीच्या शब्दानं. देवानंच देवाला समजावलं. ज्यांची आयुष्यं पणाला लागली होती त्या डेलिशांच्या वाट्याला आपल्या देवांबद्दल ओशाळणं तेवढं आलं.

पुढचा खेळ आलाच, तर माझी एकच मागणी आहे. नवं रहस्य नको, नवा देव नको. एक तळ दाखवा. संध्याकाळ, गाड्या सोडलेल्या, पांढरी हरणं चरतायत. सगळं कळून चुकलेली एक म्हातारी हारेन पोरांना फेनहॅरेलची गोष्ट सांगते आहे. तिला दुरुस्त करू द्या. तो खिदळत नव्हता रे, रडत होता, असं ती म्हणू दे. त्यानं आपल्यातल्यांना सोडवलंही होतं, हेही सांगू दे. चेहऱ्यावरची नक्षी ठेवायची की नाही, ते तिच्या नातीला ठरवू दे.

आणि एखाद्या पोरानं विचारलं, मग आता ती मूर्ती तळात आणायची का, तर म्हातारी नाही म्हणेल. उद्या पुढच्या जागी गेलो की तिथेही बाहेरच बसवायची. तोंड रानाकडे करून.